‘किड्यांचे फोटो काढून काय मिळते?’ या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पावसाळ्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या व शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. खाली कोणाचेही नाव नाही. आमच्या तालुक्यात शाळकरी मुलांना बरोबर घेऊन किड्यांच्या नोंदी ठेवणारे आम्ही चार-पाच जण आहोत, आणि प्रत्येकाला तो निरनिराळ्या परिचितांकडून आला. संदेशाचा आशय असा: फोटोवरून किड्याची जात ओळखता येत नाही; मोबाईलवरचे ॲप अंदाजाने काहीतरी नाव देते आणि तेच पुढे विज्ञान म्हणून खपते; शोधण्यासारखे जे होते ते इंग्रजांच्या काळातच शोधून झाले; खानदेश कोरडा मुलूख, इथे किडे म्हणजे कपाशी-केळीवरची कीड; तेव्हा मोबाईल खिशात ठेवावा आणि फवारणी करावी. ही विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून मी ती त्याच क्रमाने घेणार नाही. जिथे संदेशात तथ्य आहे तिथे ते मान्यही करीन.

फोटोचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अर्धा खरा आहे. पुष्कळ लहान भुंगेरे, परोपजीवी गांधीलमाश्या, माश्या आणि पतंग यांची जात केवळ छायाचित्रावरून ठरवता येत नाही. त्यासाठी नमुना हातात असावा लागतो आणि अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली जननांगांची रचना तपासावी लागते. अशा नोंदींवर कोणी छातीठोकपणे जातीचे नाव लिहीत असेल तर ते चूकच आहे. पण काही किडे फोटोवरून ओळखता येत नाहीत, यावरून एकही ओळखता येत नाही असा निष्कर्ष निघत नाही. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचेच पाहा. वाढ झालेल्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडच्या, म्हणजे पोटाच्या आठव्या खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे चार काळे ठिपके असतात. डोके आणि शेपटी असे दोन स्पष्ट फोटो असतील तर ही अळी बांधावर उभे राहूनही ओळखता येते. ज्या कीटकांना अशा ठळक खुणा आहेत, त्यांच्यासाठी फोटो हा पुरेसा पुरावा आहे.

फसगत कशी होते आणि ती कशी टळते, हेही सांगतो. रुईच्या झाडाभोवती संथपणे उडणारे केशरी फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर. त्याची अळी रुईची विषारी पाने खाऊन वाढते, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. याच संरक्षणाचा लाभ मिळावा म्हणून डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब तेच रूप घेते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षी या मादीची नोंद प्लेन टायगर म्हणून केली होती. दुसऱ्या एका अभ्यासकाने तो फोटो पाहून मागच्या पंखाकडे लक्ष वेधले: प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, या मादीच्या पंखावर ते नसतात. शिवाय ते फुलपाखरू बसले होते घोळाच्या भाजीवर, आणि या जातीची अळी मुख्यतः घोळावर वाढते. नोंद दुरुस्त झाली. मी फोटो न काढता वहीत नुसते ‘प्लेन टायगर’ असे लिहून ठेवले असते, तर ती चूक कोणालाही कधीच सापडली नसती. म्हणून आता आम्ही मुलांना सांगतो की फुलपाखराचे पंख वरून आणि खालून, अळीचे डोके आणि शेपटी, आणि ती ज्या झाडावर आहे त्याचे पान, एवढे फोटो घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही.

ॲपचा आक्षेप इथेच जोडून येतो. आयनॅचरलिस्टसारखे ॲप फोटो पाहून काही नावे सुचवते हे खरे, आणि त्या सूचना पुष्कळदा चुकतात हेही खरे. परदेशातल्या, आपल्याकडे न आढळणाऱ्या जातीचे नाव त्याने सुचवल्याचे आम्हीही पाहिले आहे. परंतु सूचना म्हणजे निर्णय नव्हे. तिथे नोंदीला वरचा दर्जा मिळण्यासाठी तारीख, ठिकाण आणि फोटो किंवा आवाज असा पुरावा लागतो, जीव पाळलेला नसावा लागतो, आणि जातीच्या नावावर किमान दोघांचे, तसेच नाव सुचवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत व्हावे लागते. पुढे कोणी जाणकाराने हरकत घेतली तर तो दर्जा काढूनही घेतला जातो. असा दर्जा मिळालेल्या आणि खुल्या परवान्याखाली दिलेल्या नोंदीच पुढे जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जातात. या पद्धतीतही एक खोट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही: दोन नवख्या माणसांनी एकमेकांच्या चुकीला ‘सहमत’ म्हटले, तर चुकीचे नाव वर जाऊ शकते. म्हणून स्वतःला खूण दिसल्याशिवाय सहमती देऊ नये, आणि जात ठरत नसेल तर प्रजातीवर (म्हणजे जवळच्या जातींच्या गटावर) किंवा त्याहून मोठ्या कुळावर थांबावे. ‘ढालकिड्यांच्या (लेडीबर्डच्या) कुळातील भुंगेरा’ एवढीच खरी नोंद खोट्या जातीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

संदेश लिहिणाऱ्याच्या मनात नोंद म्हणजे नाव असे समीकरण आहे, आणि माझा मुख्य विरोध त्यालाच आहे. नाव पन्नास वर्षांनीही दुरुस्त करता येते. दिवस आणि ठिकाण मात्र त्याच वेळी खरे लिहिले नाही, तर नंतर कोणताही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. याचा धडा खानदेशाइतका दुसऱ्या कोणत्या प्रदेशाने घेतला असेल असे मला वाटत नाही. उदाहरण पक्ष्याचे आहे, पण ते किड्यांनाही तंतोतंत लागू पडते. रानपिंगळा हे छोटे घुबड इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात मिळाले होते. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. पुढे रिचर्ड मायनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून, तो नव्याने भरून, आपण तो १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळवला असे खोटे लेबल त्याला लावले. त्या लेबलावर विश्वास ठेवून लोकांनी शोध घेतला आणि रिकाम्या हाताने परतले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, मग त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या लेबलांवरच्या जागी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात हा पक्षी ११३ वर्षांनी पुन्हा दिसला. पक्ष्याचे नाव सगळ्यांना ठाऊक होते, खोटे होते ते ठिकाण आणि साल. एका खोट्या चिठ्ठीने शोध भरकटला आणि डेव्हिडसनच्या काळच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी तो मार्गी लावला.

हौशी माणसाच्या नोंदीला शास्त्रात किंमत नाही, असेही हा संदेश सुचवतो. डेव्हिडसन हे पोटापाण्यासाठी पक्षी जमवणारे शास्त्रज्ञ नव्हते, ते प्रशासनात होते. त्यांनी पुढे वनाधिकारी टी. आर. बेल आणि जकात व मीठ खात्यातील ई. एच. एटकेन यांच्याबरोबर उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर जी लेखमाला लिहिली, तिचा आधार अळ्या घरी वाढवून, त्या कोणत्या झाडावर वाढतात याची नोंद ठेवण्याचा होता, आणि फुलपाखरांचे अभ्यासक आजही तिचा संदर्भ घेतात. ती प्रसिद्ध करणारी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही १८८३ साली आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन स्थापन केलेली आहे.

सगळे शोधून झाले, या विधानाला फार वेळ द्यायला नको. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये देशातील प्राण्यांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात एक लाखाहून अधिक जाती आहेत, त्यांत सर्वाधिक वाटा कीटकांचा आहे, आणि दरवर्षी तिच्यात नव्या जातींची भर पडते. ज्या यादीत दरवर्षी भर पडते, ती पूर्ण झाली असे कसे म्हणायचे?

खानदेश कोरडा आहे हे मान्य. पण कोरडा मुलूख म्हणजे ओसाड मुलूख नव्हे. कोलोटिस प्रजातीतील फुलपाखरांचा पसारा आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारताच्या कोरड्या भागापर्यंत आहे. त्यांतले क्रिमझन टिप किंवा त्याच्या जवळचे व्हाइट ऑरेंज टिप पाहायचे असेल तर घनदाट सदाहरित जंगल सोडून नेपती-वाघाटीच्या कुळातली झुडपे असलेल्या उघड्या माळरानावरच जावे लागते. पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा तर सर्वांच्या परिचयाचा. त्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातला आहे, आणि त्याची सहा पायांची पिल्ले नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगावर जगतात. आमच्या मुलांच्या वहीत तो दरवर्षी कोणत्या तारखेला आणि कोणत्या शिवारात प्रथम दिसला हे लिहिलेले असते. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी-गिरणेच्या काठापर्यंत अशा वह्या फार थोड्या आहेत, आणि नोंदींच्या नकाशावर खानदेशाचा भाग पुण्या-मुंबईच्या मानाने रिकामा दिसतो त्याचे मोठे कारण पाहणाऱ्यांची कमतरता हे आहे. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय काही पकडू किंवा उचलू नये; फोटोचा हाही एक लाभ आहे की किडा जिथल्या तिथे राहतो.

राहिला शेतकऱ्याचा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कपाशी उत्पादकाला नोंदीचा उपयोग नाही असे म्हणणाऱ्याने गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, आठवावेत. सापळ्यात रोज सकाळी किती पतंग पडले हे मोजायचे, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले तर उपाय योजायचा, ही शिफारस म्हणजे तारीख, ठिकाण आणि संख्या यांची नोंदच आहे, आणि ती शेतकरी स्वतः ठेवतो. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. इतक्या वेगाने येणारी कीड गावात पहिल्या दिवशी कोणाला दिसणार? मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, डोकावणाऱ्या शेतकऱ्यालाच.

‘मोबाईल ठेवा आणि फवारा’ या सल्ल्याने नुकसान कसे होते ते आमच्याच शिवारात पाहिले आहे. कपाशीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला की त्याच्यामागे ढालकिड्याच्या अळ्या येतात. पूर्ण वाढलेला लालसर, ठिपक्यांचा ढालकिडा सगळे ओळखतात; त्याची अळी मात्र लांबट, काळपट, नारिंगी ठिपक्यांची आणि सुसरीसारखी दिसते, त्यामुळे ती नवी कीडच वाटते. क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात, ती अनेकांना बुरशी वाटतात. दोन वर्षांपूर्वी एका शेजारच्या काकांनी अशाच अळ्यांचा फोटो मला पाठवला आणि कोणते औषध मारू असे विचारले. ती ढालकिड्याची अळी आहे आणि ती मावा खाते, असे मी कळवले. त्यांनी पंप परत गोठ्यात ठेवला, आणि चार दिवसांनी त्याच पानांचा दुसरा फोटो तारखेसह पाठवला: मावा विरळ झाला होता आणि पानाच्या मागे ढालकिड्याचे तीन कोष चिकटलेले होते.