खाणी बंद म्हणून जिऑलॉजी बाद? तसं नाही

बारावीचा निकाल लागला की गोव्यात एक मेसेज हमखास फिरतो: ‘खाणी बंद, जिऑलॉजी घेऊ नका, घरी बसाल.’ अर्धी गोष्ट खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि डिचोली-सांग्यातल्या घरांना त्याची झळ बसली. पण भूगर्भशास्त्र म्हणजे फक्त लोहखनिज, हे कुणी ठरवलं?

जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे अडली, ते आठवा. खडक, माती आणि पाणी तिथे कसं वागतं, हे सांगणं भूवैज्ञानिकाचंच काम. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रतळाचा गाळ अभ्यासला जातो; अंटार्क्टिकाच्या मोहिमा तर आपल्या वास्कोतूनच आखल्या जातात. (हे वास्कोतल्याही कितीजणांना ठाऊक असतं, देव जाणे.) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळातल्या पदांसाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा असते.

मात्र नुसत्या बीएस्सीवर ती देता येत नाही, एमएस्सी लागते. ती ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात करता येते.