इसारचिठ्ठी, पोलीस ठाणे आणि मुदत

'केस टाकतो' असे आपण सहज म्हणतो. पण कोणती केस, कुठल्या न्यायालयात आणि किती दिवसांच्या आत, हे प्रश्न बहुतेकांना वकिलासमोर बसल्यावरच प्रथम ऐकू येतात, आणि तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

नागपुरात बेसा किंवा हुडकेश्वरकडच्या एखाद्या लेआउटमधील प्लॉटची इसारचिठ्ठी (आगाऊ रक्कम देऊन केलेला खरेदीचा लेखी करार) झाली, रक्कम दिली गेली आणि मग विकणारा विक्रीपत्रास टाळाटाळ करू लागला, तर माणूस आधी पोलीस ठाणे गाठतो. व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असेल, तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. मात्र नुसता शब्द न पाळणे हा करारभंग आहे आणि त्यासाठी दिवाणी दावाच करावा लागतो. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. तरीही ठाण्याच्या चकरा चालूच राहतात, कारण पोलिसांचा धाक लवकर कामी येईल अशी आशा असते.

दरम्यान घड्याळ थांबलेले नसते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार कराराची पूर्तता मागण्यासाठी ३ वर्षे मिळतात; करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याचा नकार कळल्यापासून. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे गेलेला काळ यातून वगळता येतो, पण पोलीस ठाणे म्हणजे न्यायालय नव्हे. मुदत उलटली की प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी न्यायालयाला दावा फेटाळावाच लागतो.

चेक परत आल्याच्या प्रकरणात तर हिशेब दिवसांचा आहे: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार.

'सरळ हायकोर्टात जाईन' हेही हायकोर्ट असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये नेहमी ऐकू येणारे वाक्य. दोन खाजगी व्यक्तींमधील असा दावा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रथम दाखल होत नाही. तो सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या न्यायालयातच आणि स्थावर मिळकतीचा असेल तर मिळकत जिथे आहे तिथेच दाखल करावा लागतो.

'ही दिवाणी बाब आहे' असे सांगून माणसाला परत पाठवताना ठाणेदाराने मुदतीचाही उल्लेख करावा, एवढी माझी मागणी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ताही तिथेच द्यावा. तिथे मोफत वकील मिळण्यासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्या घरांत ठाऊक आहे.