‘जुन्या गाडीला ट्वेंटी-फिफ्टीच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. तुमची २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख ७० हजार किलोमीटर झालेली. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑईलची ग्रेड, म्हणजे दाटपणाचा दर्जा, ५डब्ल्यू-३०. जुन्या गाडीतही तेच घाला, असं मी माझ्या लेखात लिहिलं. तुमचं म्हणणं, गोव्याचं ऊन, झिजलेलं इंजिन, त्यात गाडी ऑईल पिते; अशा वेळी पातळ ऑईल सुचवणं हे पुस्तकी शहाणपण झालं, म्हापशातला कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून दाट २०डब्ल्यू-५० (ट्वेंटी-फिफ्टी) ओततो.

डोळे मिटून ओततो, अडचण तीच आहे. पण ऑईल पिणाऱ्या गाडीबद्दल मी लेखात काहीच लिहिलं नव्हतं, ही चूक माझी.

आधी उन्हाचं बघू. बाहेर २५ अंश असोत की ३५, तापलेल्या इंजिनातलं ऑईल साधारण ९० ते ११० अंशांतच राहतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा त्यासाठीच आहेत. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ४० म्हणजे १६.३ पर्यंत, ५० म्हणजे त्याच्या पुढे २१.९ पर्यंत. तेव्हा ३० वरून थेट ५० वर जाणं म्हणजे दाटपणा जवळजवळ पावणेदोन पट करणं. २०११ च्या बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो, काहींत व्हीव्हीटीही (वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा). त्यांच्या वाटा बारीक असतात. सकाळी स्टार्ट मारल्यावर दाट ऑईल तिथे उशिरा पोचतं आणि तेवढ्या वेळात चेन करकरते. ‘ट्वेंटी-फिफ्टी घातल्यावर ऑईलचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला’ असंही तुम्ही लिहिलंय. दाट ऑईलला दाब लवकर येतो, हे खरं. पण दाब वाढला म्हणजे ऑईल जास्त पोचलं असं नव्हे. दाब फार झाला की पंपाचा रिलीफ वॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑईल फिरत न जाता परत वळतं. दिवा लुकलुकत असेल तर मेकॅनिकल गेज लावून, गरम इंजिनावर, आयडलला दाब मोजून घ्या. पंप किंवा बेअरिंग झिजलं असेल तर ऑईल बदलून ते फक्त झाकलं जातं.

आता गाडी नक्की किती पिते ते मोजा. ‘पिते’ एवढ्यावर ग्रेड ठरत नाही. सकाळी गाडी सपाट जागी असताना, स्टार्ट मारायच्या आधी, डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा. १००० किलोमीटर चालवा. मग पुन्हा तशीच सपाट जागी, मापाच्या भांड्यातून त्याच खुणेपर्यंत भरा. जेवढे मिली गेले, तो तुमचा आकडा. माझा ठोकताळा असा (कंपनीचा नियम नव्हे) : ३०० मिलीपर्यंत ग्रेडला हात लावू नका, फार तर त्याच ग्रेडचं हाय-मायलेज (जास्त चाललेल्या गाड्यांसाठीचं) ऑईल घ्या. ३०० ते ७०० मध्ये ५डब्ल्यू-४०, म्हणजे एकच पायरी वर. त्यापुढे ऑईलच्या डब्यात उत्तर नाही, इंजिन उघडायची वेळ आली. जळणाऱ्या ऑईलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) खराब करतो, तो खर्च वेगळाच.

कुठून पिते हे घाटात कळतं. चोर्ला घाट गिअरमध्ये, पाय वर ठेवून उतरताना सिलिंडरमध्ये निर्वात वाढतो आणि झिजलेल्या वॉल्व्ह सीलमधून ऑईल आत ओढलं जातं; खाली सपाटीवर ॲक्सिलरेटर दाबला की निळ्या धुराचा एकच लोट येतो. चढताना धूर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजलं आणि आकडा चढला, तर रिंगाच. आणि या सगळ्याआधी पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) काढून हलवून बघा, बहुतेक गाड्यांत खुळखुळ वाजायला हवा. तो चोंदला की आतला दाब ऑईलला सीलमधून बाहेर ढकलतो. स्वस्तातला भाग, आणि बघत कोणी नाही.

हाय-मायलेज ऑईलमधली द्रव्यं रबरी सील किंचित फुगवतात. नुसता ओलसरपणा हजार-दोन हजार किलोमीटरांत कमी होऊ शकतो, फाटलेलं सील त्यानं सांधत नाही.

इंजिन फ्लशचा, म्हणजे रसायन घालून आतला गाळ धुवायचा, तुमचा सल्ला मात्र मला मुळीच मान्य नाही. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला की सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीतल्या) जाळीवर जाऊन बसतो आणि पंपाला ऑईल मिळत नाही. त्यापेक्षा साधं, चांगल्या प्रतीचं ऑईल ३००० किलोमीटरवर दोनदा बदला, दर वेळी फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा.

गोव्यात उन्हापेक्षा मला पावसाळ्याची जास्त काळजी वाटते. पर्वरी ते पणजी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं ऑईल पुरतं तापतच नाही, आतलं पाणी उडून जात नाही. ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, तपकिरी साका दिसतो तो त्याचाच. तेवढंच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर, पेडण्याच्या बाजूला, काढून आणा. आणि किलोमीटर कमी झाले तरी सहा महिन्यांनी ऑईल बदला. पण डिपस्टिकवरचं ऑईलही दुधाळ असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेल्याचा संशय घ्या. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.

१००० किलोमीटरचा आकडा आला की इथेच लिहा. घाटातल्या धुराचंही सांगा, मग ३० की ४० ते ठरवू.