मुलाच्या आठवणी कुणी सांभाळायच्या?

फॉस्टर केअरचा, म्हणजे परक्याचं मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचा, विषय निघाला की आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. 2024 मध्ये केंद्राने नियम बदलले तेव्हाही पडल्या. तोवर फक्त जोडप्यांना मिळणारी परवानगी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मिळाली (एकट्या पुरुषाला मुलगाच), आणि दोन वर्षांनी मूल दत्तक घेता येईल असं ठरलं. आधी त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागे. काका म्हणतात, एकटा माणूस काय मूल सांभाळणार! आत्या म्हणते, बालगृहापेक्षा कुणाचंही घर बरं. मग तोफ इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्याकडे वळते: "तुमच्या तिकडे तर सरकारच मुलं उचलून नेतं ना रे?" जर्मनीत 2021 मध्ये एका भारतीय जोडप्याची तान्ही मुलगी ताब्यात घेतली गेली, तेव्हापासून हा प्रश्न ठरलेला.

नेतं, खरंय. एकट्या इंग्लंडमध्ये 80 हजारांहून जास्त मुलं कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) देखरेखीखाली आहेत, त्यातली साधारण दोन-तृतीयांश फॉस्टर घरांत. सगळं आलबेल अजिबात नाही. मी राहतो त्या मँचेस्टरच्या विद्यापीठाचे कुलपती राहिलेले कवी लेम सिसे यांचंच बघा. इथिओपियातून शिकायला आलेल्या आईने मूल काही काळापुरतं सांभाळायला दिलं. सोशल वर्करने त्याला स्वतःचं नाव देऊन टाकलं, नॉर्मन, आणि फॉस्टर घरी सांगितलं, दत्तकच समजा. बाराव्या वर्षी त्या घराने त्यांना परत पाठवलं. पुढची वर्षं बालगृहांत गेली. आपलं खरं नाव, आणि मूल परत मिळावं म्हणून आईने 1968 मध्ये लिहिलेलं पत्र, हे हाती पडलं ते तिथून बाहेर पडायच्या सुमारास. कौन्सिलने ठेवलेली त्यांची पूर्ण फाइल मिळायला 2015 उजाडलं.

पण फाइल होती, जपून ठेवलेली! आपण पहिल्यांदा कधी चाललो, गोवर कधी आला, बालवाडीत किती भोकाड पसरलं, हे आपल्याला घरचे सांगतात म्हणून माहीत. ज्याचं घरच तीनदा बदललं त्याला कोण सांगणार? आमच्या शेजारच्या बाई फॉस्टर मुलं सांभाळतात. प्रत्येकासाठी झाकणाचा एक खोका. त्यात पोहण्याचा बिल्ला, पडलेला दात, जत्रेचं तिकीट. प्रत्येक फोटोमागे पेनने तारीख आणि कोण कोण होतं त्यांची नावं. मूल दुसरीकडे गेलं की खोका त्याच्याबरोबर जातो. कपड्यांसाठी त्या स्वतःच्या पैशाने बॅग आणतात, कारण कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत सामान कोंबून मुलं हलवायची रीत इथे अजून गेलेली नाही.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून महिना 2250 रुपये मिळतात, बहुतेक करून एकट्या आईला, आजीला, मामाला. यात आपलंच मला उजवं वाटतं. आजीला खोका लागत नाही, तिला सगळं तोंडपाठ असतं. (मामाकडे वाढलेल्या पोराला "आम्ही केलं म्हणून" हे जन्मभर ऐकावं लागतं, ती गोष्ट वेगळी.) पण आजी किती वर्षं पुरणार? आणि ज्यांना आजीही नाही, त्यांच्या फायलीत बालकल्याण समितीचे आदेश, वैद्यकीय तपासण्या, चौकशीचे अहवाल. ते समितीने वाचायचे. अठराव्या वर्षी बालगृहातून निघणाऱ्या मुलाला त्यात स्वतःचं लहानपण सापडायचं नाही.

तेव्हा जोडपं की एकटी बाई यावर खुशाल भांडा. मला नियमात एक ओळ वाढवून हवी आहे: जे घर मूल घेईल त्याने दर महिन्याला दोन पानं लिहायची, मोठेपणी त्या मुलाला वाचता येतील अशी, फोटोंसकट. काकांच्या मते असल्या वह्या कुणी लिहीत नसतं. आत्याने मात्र कामाचं विचारलं, मूल दुसऱ्या घरी गेलं तर वही कुणाकडे? मुलाकडेच. आणि एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षात, मागेल तेव्हा त्याला मिळेल अशी.