सरडा, जनावर, माणूस: मेंदूच्या तीन मजल्यांचा फॉरवर्ड

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरतं. मेंदूत तळाला सरडा, मधे जनावर, वर माणूस. खाली लिहिलेलं: 'वरचा थर, कॉर्टेक्स, माकडांपासून सुरू झाला. मेंदू जितका मोठा आणि वळ्या जितक्या जास्त, तितकी अक्कल.'

मजल्यांची ही कल्पना अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅकलीन यांची, 1960च्या दशकातली. पण जुन्या घरावर नवा स्लॅब टाकावा तसा मेंदू वाढलेला नाही. कुंपणावरच्या सरड्यालाही कॉर्टेक्स असतो, साधारण तीन थरांचा. सस्तन प्राण्यांत तो सहा थरांचा. उंदरालाही आणि तुरीच्या शेंगा ओरबाडणाऱ्या वांदरालाही. शिवाय आजचा सरडा आपला आजा नव्हे, लांबचा भाऊबंद आहे.

वळ्यांचं तर मटणाच्या दुकानातच कळतं. बकऱ्याचा भेजा उकळून गार करा. कच्चा कापला तर सुरीखाली लगदा होतो. वरची पातळ झिल्ली सोलली की वळ्याच वळ्या. आडवा चिरा: कडेची करडी पट्टी, काही मिलिमीटरची, तो कॉर्टेक्स, आतलं पांढरं म्हणजे तारांचं जाळं. उलट मार्मोसेट हे माकडच, पण त्याचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत. वळ्या पडतात त्या कॉर्टेक्सच्या पत्र्याचा पसारा आणि जाडी यांच्या हिशेबाने. लांब पोळीच्या घड्या पडतात, भाकरीच्या पडत नाहीत, तसंच.

आता आकार. मेंदू मोठा म्हणजे चेतापेशी (संदेश वाहणाऱ्या पेशी) जास्तच असं नाही, त्या मोजाव्या लागतात. मोजायची रीत अशी: मेंदू फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या रसायनात घट्ट करायचा, डिटर्जंटच्या पाण्यात काचेच्या नळीत घोटायचा. पेशी फुटतात, त्यांची केंद्रकं शाबूत राहतात. ती रंगवून चौकटी आखलेल्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. फॉर्मॅलिन नीट मुरलं नाही तर केंद्रकंही फुटतात आणि आकडा कमी येतो.

या रीतीने आफ्रिकेतल्या स्प्रिंगबॉक हरणाच्या सुमारे 106 ग्रॅमच्या मेंदूत, कॉर्टेक्समध्ये, 40 कोटींच्या आसपास चेतापेशी निघाल्या. लाल तोंडाच्या माकडाचा मेंदू त्याहून हलका, 87 ग्रॅम. कॉर्टेक्समध्ये 170 कोटी. माकडांच्या घराण्यात बदल झाला तो इथे: मेंदू वाढला तरी पेशी फारशा फुगल्या नाहीत, दाटच राहिल्या.

माणसाच्या कॉर्टेक्समध्ये सुमारे 1,600 कोटी. आफ्रिकी हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट, तरी कॉर्टेक्समध्ये जेमतेम 560 कोटी. त्याच्या उरलेल्या जवळपास सगळ्या, 25,000 कोटींच्या घरात, मागच्या लहान मेंदूत ठासलेल्या.