व्हँडरबिल्टांच्या घरी जाताना घ्यावयाची काळजी

मुलगा बॉस्टनला असेल आणि तुम्ही साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेला असाल, तर एक शनिवार असा येतोच, की नायगारा झालेला असतो, न्यूयॉर्क झालेलं असतं, कॉस्टकोसुद्धा झालेलं असतं, आणि आता यांना न्यायचं कुठे हा प्रश्न सूनबाईंच्या चेहऱ्यावर उमटू लागतो. अशा वेळी न्यूपोर्ट निघतं. गाडीने दीड-पावणेदोन तास. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात चिमुकलं राज्य, त्यातलं हे समुद्रकाठचं गाव, आणि तिथे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोट्यधीशांनी उन्हाळा काढायला बांधलेले वाडे. आपल्याकडचा साहेब एप्रिल-मेमध्ये महाबळेश्वर गाठायचा, तिकडचे रेल्वेवाले आणि कोळसावाले न्यूपोर्ट गाठायचे. मुक्काम फार तर सहा-आठ आठवड्यांचा.

जाण्याआधी काही वाचू नका. वाचलेल्या माणसाला शंका येतात, आणि शंका आलेला माणूस मागे रेंगाळतो. मग सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं.

तिकिटं मुलगाच काढणार, तरी किंमत विचाराच. आकडा कळला की तिथेच रांगेत उभ्या उभ्या त्याचे रुपये करा, आणि मोठ्याने करा. ‘एवढ्यात तर...’ या शब्दांनी सुरू होणारं वाक्य ज्याने त्याने आपापलं पुरं करावं. कोणाला किलोभर कंदी पेढे आठवतात, कोणाला स्वारगेटच्या फेऱ्या. एकदा हिशेब लागला की पुढे प्रत्येक खोलीत किती वसूल झाले ते बघता येतं, म्हणजे कंटाळा येत नाही.

सुरुवात ‘द ब्रेकर्स’पासून करावी. खोल्या ७०. मालक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरे, धंदा रेल्वेचा. आधीचं लाकडी घर १८९२ मध्ये जळालं, म्हणून १८९३ ते १८९५ मध्ये हे दगडाचं उभं केलं. आगीची धास्ती एवढी, की बॉयलरसुद्धा घराखाली ठेवला नाही, पार रस्त्याखाली नेऊन पुरला. मधला दिवाणखाना पन्नासेक फूट उंच. तिथे तुमच्या सौ. मान वर करून म्हणतील, “अगंबाई, याची जळमटं कोण काढत असेल?” त्यांना लगेच गप्प करा. त्या घरात विचारण्याजोगा एवढाच प्रश्न आहे, पण तो ऐकू गेला तर सूनबाईंना अवघडल्यासारखं होतं.

खरा वेळ द्यायचा तो न्हाणीघराला. टब संगमरवराचा, आणि त्यावर चार नळ: गोडं पाणी गरम, गोडं गार, खारं गरम, खारं गार. समुद्र खिडकीतून दिसतोय, पण तिथवर जाण्याचे कष्ट कोणी घ्यायचे, म्हणून समुद्रच वरच्या मजल्यावर. कासचं पाणी आज येणार की उद्या याचा मेसेज बघून ज्यांचा दिवस सुरू होतो, त्यांना इथे भरून येणं साहजिक आहे. भरून येऊ द्या. फोटो घ्या, तोही चारही नळ दिसतील असा. तो दगड इतका गार, की टब उबदार व्हायला गरम पाणी पुन्हा पुन्हा भरून सोडून द्यावं लागे. ते कोण करत असे, हे विचारायचं नाही. आपण नळ बघायला आलोय.

मालकाला हे सुख किती लाभलं? १८९५ चा एक उन्हाळा नीट गेला. १८९६ मध्ये पक्षाघात झाला आणि १८९९ मध्ये गृहस्थ वारले. हे कळल्याबरोबर ‘शेवटी सगळं इथेच राहतं हो’ असं म्हणणं सक्तीचं आहे. एकदाच म्हणा. मुलाचं घराचं कर्ज अजून पंचवीस वर्षांचं आहे, त्याला ते वाक्य फार वेळा ऐकवू नये.

तिथून ‘मार्बल हाउस’. धाकटे भाऊ विल्यम व्हँडरबिल्ट यांनी बायकोला, म्हणजे आल्व्हाबाईंना, ३९ व्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलेलं. १८९२ साली पुरं झालं. खर्च १ कोटी १० लाख डॉलर, त्यातले ७० लाख नुसत्या संगमरवराचे. इथे सौ. तुमच्याकडे बघतील. गेल्या वाढदिवसाला तुम्ही मिक्सर दिला होता, तोही सवलतीतला. घाबरू नका, पुढची माहिती पटकन सांगून टाका: तीनच वर्षांत आल्व्हाबाईंनी घटस्फोट घेतला, घर स्वतःकडे ठेवलं आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या श्रीमंताशी लग्न केलं. मिक्सर देणारा नवरा निदान टिकतो, हे न बोलता पोचलं पाहिजे. याच बाईंनी पुढे याच घरात बायकांच्या मताधिकारासाठी परिषदा भरवल्या. ‘बायकांना मत द्या’ असं छापलेल्या कपबश्या तिथल्या दुकानात मिळतात. त्या दुकानात सौ.ना फार वेळ थांबू देऊ नका.

‘द एल्म्स’ मात्र शक्यतो टाळावं. घर देखणं आहे, १९०१ चं, मालक एडवर्ड बर्विंड, पैसा सगळा कोळशाचा. पण पाहुण्यांना कोळसा दिसता कामा नये, म्हणून त्यांनी बाजूच्या रस्त्यापासून तळघरापर्यंत बोगदा काढून त्यातून रुळांवरून कोळसा आत आणण्याची सोय केली. सुमारे ४० नोकर होते. त्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि पुढे कठडा असा घातलेला, की बागेतून बघणाऱ्याला तिथे मजला आहे याचा पत्ता लागू नये. आता हे सगळं दाखवणारी वेगळी सहल काढतात: तळघरातले बॉयलर, धुण्याची जागा, नोकरांचा जिना, गच्ची. तिला जाऊ नका. एकदा तो जिना चढलात की खालचं झुंबर दिसेनासं होतं, खालून बादल्या घेऊन येणारी पोरगीच दिसत राहते. एवढे पैसे भरून हे बघायचं, तर आपल्याच आजीच्या आठवणी काय वाईट होत्या?

बर्विंडांच्या बहीण १९६१ मध्ये वारल्या, वारसांना ते घर नको होतं, जागेवर बिल्डरचा डोळा होता. १९६२ मध्ये पाडापाडीच्या तोंडावर गावातल्या, जुने वाडे जतन करणाऱ्या संस्थेने ते विकत घेतलं. ही संस्था १९४५ ची. ‘ब्रेकर्स’ त्यांना १९४८ पासून वर्षाला १ डॉलर भाड्याने मिळालं होतं, तेही त्यांनी १९७२ मध्ये खरेदी केलं. इथे म्हणायचं, ‘नाहीतर आपल्याकडे!’ पुढे काही बोलायची गरज नसते, मान हलवली की पुरते.

शेवटी क्लिफ वॉक. साडेपाच किलोमीटरची वाट, एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला याच वाड्यांची परसदारं. फुकट आहे. हे आधी कळलं असतं तर, असं मुलाला ऐकवू नका. वाटेत समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या लागतात, त्यांना ‘फॉर्टी स्टेप्स’ म्हणतात. त्या काळी नोकरमाणसं सुट्टीच्या वेळी तिथे जमून गाणी-नाच करत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच काढावी. जागा योग्य आहे.

साताऱ्याला परतल्यावर खरी कसोटी. संध्याकाळी राजवाड्यासमोर चौपाटीवर मंडळी जमली की नळांपासून सुरुवात करा. कोणीतरी फाटे फोडणारच. एक जण म्हणेल, मेणवलीला काय कमी आहे? वाईपासून तीनेक किलोमीटर, नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. तुम्ही म्हणा, बघितलाय की, भाच्याचं प्री-वेडिंग तिथेच झालं. दुसरा औंध काढेल: पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय, रविवर्म्याची चित्रं, खटाव तालुक्यात चक्क हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प. तुम्ही म्हणा, औंधला आम्ही यमाईला जातो. हेन्री मूर बॉस्टनला बघून झालाय.

मात्र घोळक्यात एखादे निवृत्त मास्तर असतील तर जपून. ते समोर बोट दाखवून सांगतील, की या राजवाड्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. आणि साताऱ्याच्या शाळेतल्या त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय, की तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असला तर तो नळ सोडणार, शिपाई नसला तर पाणी नाही. हो, त्याच सुमाराला, ज्या सुमारातले तुमचे चार नळ. अशा वेळी भेळ सांगा. भेळ आली की मास्तरही थांबतात.

आणि यादोगोपाळ पेठेतला तुमचा स्वतःचा वाडा, ज्याचा करार अमेरिकेला जायच्या आधी अर्धवट राहिला होता, तो आता उरकून घ्या. चौकातले सागवानी खांब आणि ब्रॅकेटं बिल्डर ‘भंगारात बघू’ म्हणेल, त्याला फसू नका. पुण्याकडची हॉटेलं त्याचे चांगले पैसे देतात. दोन फ्लॅट आणि वर रोख, यावर ठाम राहा. लॉबीला संगमरवर मागा, तुम्हाला आता त्यातलं कळतं. इमारतीचं नाव ‘श्रीमंत वाडा’ ठेवायला तो एका पायावर तयार होईल, त्याला त्याचे पैसे पडत नाहीत. पार्किंगचं तेवढं लेखी घ्या.