हाक मारल्यावर आलेल्या कुत्र्याला मारू नका

आज सकाळी आमच्या सोसायटीमागच्या मैदानात एक गृहस्थ त्यांच्या लॅब्रेडॉरला हाका मारत होते. कुत्रा आठ-नऊ महिन्यांचा असेल. "ब्रूनो! ब्रूनो, कम! ब्रूनोऽऽ!" मी माझ्या कुत्रीला, भिंगरीला, घेऊन कडेला उभी होते, त्यामुळे सगळं दिसत होतं. ब्रूनो कुंपणाशी काहीतरी हुंगण्यात गुंग होता. दहा-बारा हाका झाल्यावर त्याने मान वर केली आणि आला. शेपटी हलवत, धावत आला. गृहस्थांनी त्याचा पट्टा धरला, पाठीत एक सणसणीत रट्टा घातला आणि म्हणाले, "कधीपासून बोलावतोय, कळत नाही?"

माझ्या पोटात कालवलं. कारण तसाच रट्टा मी स्वतः घातलाय, या फेब्रुवारीत, आणि तो निस्तरायला मला दहा महिने लागले. तिथे त्यांच्याशी बोलायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण घरात तरुण कुत्रा असेल तर पूर्ण वाचा.

भिंगरी आमच्याकडे आली ती नवी मुंबईतल्या करावे गावातून. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी, धो धो पावसात, मासेमारीची जाळी ठेवतात त्या शेडखाली चार पिल्लं कुडकुडत होती. त्यातली एक आम्ही सीवूड्सला घरी आणली. गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. पहिले काही महिने ती माझी सावली होती. मी स्वयंपाकघरात तर ती ओट्याखाली, मी अंघोळीला तर ती दाराबाहेर. नाव घेतलं की हजर. मला वाटलं, शिकली. सातवा-आठवा महिना लागला आणि सगळं पालटलं. हाक मारली की ती वळून बघायची, नीट माझ्या डोळ्यांत बघायची, आणि परत नाक जमिनीला लावून पुढे निघायची. शेजारी म्हणायचे, "द्वाड आहे, गावठीच शेवटी." मला ते लागायचं, पण हळूहळू मीही तेच म्हणायला लागले.

मग ती फेब्रुवारीतली सकाळ. पाम बीच रोडलगतच्या चाणक्य पाणथळावर आम्ही फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाडीला ओहोटी असली की हे रोहित पक्षी उघड्या पडलेल्या गाळात चरतात, आणि भरती आली की आमच्याकडच्या या तळ्यांमध्ये विसाव्याला येतात. त्या दिवशी भरती होती. शेकडो पक्षी एका पायावर उभे होते. कुत्र्याला तिथे नेऊच नये हे मला आज कळतं. भिंगरीने एक हिसका दिला, पट्ट्याचा झिजलेला हूक निसटला, आणि ती थेट चिखलात. एका क्षणात अख्खा थवा वर उठला. विसाव्याला आलेल्या पक्ष्यांना असं उठवणं म्हणजे त्यांची ताकद फुकट घालवणं आहे, आणि ते माझ्यामुळे झालं.

मी किंचाळत तिच्यामागे धावले. तिथे गावातले एक काका सायकल घेऊन उभे होते, ते ओरडून सांगत होते, "ताई, तिचे मागं नको धावू! तू धावशील तशी ती पलेल!" मी कुठली ऐकते. मी धावले, ती पळाली. मी जोरात धावले, ती आणखी जोरात. चिखलातून बाहेर आली ती पाम बीच रोडच्या दिशेने. त्या रस्त्यावर गाड्या कशा सुटतात हे नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

वीस मिनिटांनी ती आपणहून आली. मी रस्त्याकडेला मटकन बसले होते, पायात त्राण नव्हतं. ती छातीपर्यंत काळ्या चिखलाने माखलेली, कान मागे पाडून, शेपटी खाली घालून हळूहळू माझ्याकडे आली. आणि मी तिला मारलं. एकदा नाही, तीन-चारदा. भीतीचा राग होता तो, पण मार तो मारच.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी पाच पावलांवर येऊन थांबायला लागली. हाक मारली की यायची, आणि बरोबर पाच पावलांवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी थबकायची. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती एक पाऊल मागे. ते अंतर तिने मोजून ठरवलं होतं.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मूळच्या मालवणच्या, बोलणं मोजकं. एवढंच म्हणाल्या, "गो, मारलंस तिका? मगे आता ती कित्याक येतली तुझ्याकडे?"

त्यांचं बोलणं मनात घोळत राहिलं आणि मी एक गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली. आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, ही कुत्री दर वेळी जात होती. दुपारी जेवण झालं की आई खुर्चीत बसूनच, आवाज न चढवता म्हणायच्या, "ये गो बाय." बाल्कनीच्या टोकाला गाढ झोपलेली भिंगरी उठायची, टाइल्सवर नखांची टकटक व्हायची, पुढचे पाय घसरायचे, तरी ती आईंच्या गुडघ्याशी. मग भाकरीचा सुटलेला पापुद्रा तिच्या तोंडात, कानामागे बोटं फिरवणं, आणि "जा आता." ती परत उन्हात. आईंनी "ये गो" हे दोन शब्द तिला रागावण्यासाठी कधीच वापरले नाहीत. औषधासाठी नाही, अंघोळीसाठी नाही, गोचीड काढण्यासाठी नाही.

आणि आम्ही? एका रविवारी मी फ्रिजवरच्या कागदावर रेघा मारत बसले. दिवसभरात आम्ही तिघांनी तिला "भिंगरी, कम!" अशी १४ वेळा हाक मारली. त्यातल्या ११ वेळा तिचं काहीतरी चाललेलं बंद करण्यासाठी. हुंगणं बंद, खेळ बंद, खिडकीतून भुंकणं बंद, चल घरी, चल कानात औषध. तिच्या जागी मी असते तरी आले नसते. ती हट्टी नव्हती. ती नीट शिकली होती, आम्हीच चुकीचं शिकवलं होतं.

माझी लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिने मला दोन अभ्यास शोधून दिले, दोन्ही २०२० सालचे, इंग्लंडमधले. पहिला न्यूकॅसल विद्यापीठातल्या लूसी ॲशर यांच्या गटाचा. त्यांनी कुत्र्यांना पाच महिन्यांचे असताना आणि आठ महिन्यांचे असताना "बस" सांगून पाहिलं. आठव्या महिन्यात ती आपल्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र नाही. म्हणजे ते वय असतं, आपल्या पोरांचं असतं तसंच. जातही असतं. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. भिंगरी फेब्रुवारीत नऊ महिन्यांची होती, ऐन त्या वयात मी तिला बदडलं होतं.

दुसरा अभ्यास लिंकन विद्यापीठाचा. हाक मारल्यावर न येणं वगैरे तक्रारी असलेली ६३ कुत्री, तीन गट. काहींना शिकवताना गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा, काहींना फक्त बक्षीस. झटक्याच्या पट्ट्याचा जास्तीचा फायदा काहीच दिसला नाही, उलट बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री पहिल्या हाकेला जास्त ऐकत होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण मार्चमध्ये आमच्याकडे एक ट्रेनर आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, काढली आणि म्हणाले, "गावठी आहे, याशिवाय ऐकणार नाही. नाहीतर करंटवाला पट्टा आणू." मी त्यांना चहा दिला आणि नमस्कार केला. वेल्समध्ये असे विजेचे पट्टे २०१० पासून बंद आहेत. आपल्याकडे ते ऑनलाइन मागवले की घरपोच येतात. कुणी कितीही खात्री दिली तरी घेऊ नका, हात जोडून सांगते.

शिकवलं कसं, ते आता सांगते.

आधी शब्द बदलला. "कम" हा शब्द आम्ही नासवला होता, तो सोडून दिला. नवीन शब्द आईंचाच घेतला, "ये गो". घरात सगळ्यांना सांगून ठेवलं: हा शब्द वाईट कामाला वापरायचा नाही. अंघोळ घालायची असेल तर उठून तिच्यापर्यंत जायचं, हाक मारायची नाही. नवऱ्याला हे सवयीचं व्हायला महिना लागला.

मग कलेजी. बिस्किटावर काम भागत नाही, मैदानातल्या वासांपुढे बिस्किटाला कोण विचारतो! कोंबडीची कलेजी मीठ न घालता उकडायची, तव्यावर कोरडी करायची, वाटाण्याएवढे तुकडे. कांदा-लसूण अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी असतं. शाकाहारी घरांत पनीर चालेल. महत्त्वाचं म्हणजे ही गोष्ट तिला हाकेला आल्यावरच मिळायची, एरवी नाही.

ती पाच पावलं मिटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मी जमिनीवर बसायचे, तिच्याकडे तोंड करून नाही, थोडं आडवं. "ये गो" म्हणायचं. ती थांबेल तिथे तुकडा टाकायचा. दुसरा तुकडा किंचित अलीकडे. हात पुढे करायचाच नाही. चार पावलं, मग तीन. एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी तिने माझ्या गुडघ्याला नाक लावलं आणि तशीच उभी राहिली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग आणखी काही दिवसांनी तिच्या गळपट्ट्याला एक बोट लावायचं आणि लगेच तुकडा. बोट, तुकडा. असं शेकडो वेळा. हे केलं नाही तर कुत्रा तुकडा हिसकावून पळायला शिकतो, कारण पट्ट्याला हात लागणं म्हणजे त्याच्या लेखी खेळ संपणं.

पावसाळाभर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव केला. आधी घराचा पॅसेज, मग लिफ्टसमोरची जागा, मग पार्किंग, मग रिकामी बाग, शेवटी मैदान. घरात येणारा कुत्रा मैदानात येतोच असं नाही, प्रत्येक जागी नव्याने शिकवावं लागतं. घाई केली की मागे जावं लागलं, दोनदा गेलो.

दोराचं काय ते नीट ऐका. हार्डवेअरच्या दुकानातून १० मीटर सुती दोर आणला. तो हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधायचा, गळपट्ट्याला कधीच नाही. धावत सुटलेल्या कुत्र्याची मान एका झटक्यात दुखावते. दोराच्या मोकळ्या टोकाला फास ठेवायचा नाही, कुठेतरी अडकतो. हातात जाड मोजे घाला, माझा तळवा एकदा चांगलाच भाजलाय. दोर हा ओढायला नसतो. ती रस्त्याकडे जाऊ नये एवढ्यापुरताच असतो.

हाक एकदाच. दहा वेळा म्हटलं की कुत्रा दहाव्या वेळेला यायचं शिकतो. येईलच असं वाटत नसेल, समोर मांजर असेल, तर हाक वाया घालवू नका, गुपचूप दोर धरून तिच्यापर्यंत जा. आणि हाक मारल्यावर अडली तर पाठ फिरवून उलट दिशेने पळा. काकांनी त्या दिवशी सांगितलं होतं तेच, फक्त उलटं: तुम्ही पळालात की ती मागे येते.

आली की तुकडा द्या, कधी एक, कधी एकामागून एक पाच, कधी नुसतं गळ्याखाली खाजवणं. आज काय मिळेल हे माहीत नसलं की ती अधिक ओढीने येते. आणि मग "जा" म्हणून परत सोडा. दहातल्या नऊ वेळा परत सोडा. आईंचं ते "जा आता" किती मोलाचं होतं ते मला इथे कळलं. हाकेला गेलं तरी ऊन जागेवरच राहतं, हुंगायचा वास जागेवरच राहतो, हे तिला पटलं.

आता ती दीड वर्षाची आहे. दोर अजून सोडलेला नाही. रस्त्याजवळ, दिवाळीच्या फटाक्यांत तर कधीच सोडणार नाही. गळपट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला आहे, तो प्रत्येकाने लावावा.

गेल्या रविवारी आम्ही संध्याकाळी पाम बीच रोडच्या फुटपाथवरून चालत होतो. पाणथळापासून लांब, दोर हातात. फ्लेमिंगो परत आलेत. भरतीच्या वेळी एक रांग डोक्यावरून तळ्याकडे गेली. भिंगरीचा उभा कान आणखी ताठ झाला, एक पाय उचललेला, दोर हळूहळू ताणायला लागला. मी एकदाच म्हटलं, "ये गो." तिने पक्ष्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पक्ष्यांकडे. मी दोन पावलं मागे गेले. दोर सैल पडला आणि ती धावत येऊन माझ्या पायांना आदळली. पिशवीतली सगळी कलेजी मी तिथेच तिला देऊन टाकली.

ब्रूनोचे बाबा, तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर आहात, हे वाचाल. ब्रूनो आज तुमच्याकडे आला होता. बाराव्या हाकेला का होईना, एवढे वास सोडून आला होता. मी रोज सव्वासहाला मैदानात असते. उद्या दुसरा दोर घेऊन येते, मोजेही आहेत. कलेजी माझ्याकडची चालेल.